'अटकेपार', 'ध'चा 'मा' आणि 'बारभाई': एका माणसाभोवती फिरणारे शब्दप्रयोग

भाचीची आठवीची मराठीची वही परवा हातात आली. 'अटकेपार झेंडा लावणे' या वाक्प्रचारापुढे तिने अर्थ लिहिला होता, 'पोलिसांच्या हातून निसटणे'. खाली वाक्य: 'चोराने रात्रीतून अटकेपार झेंडा लावला.' बाईंनी लाल शाईने फुली मारून बाजूला 'मोठा पराक्रम करणे' एवढंच लिहून दिलं होतं. भाचीचं म्हणणं, अटक म्हणजे पकडणं, पार म्हणजे पलीकडे, मग मावशी, माझं चुकलं कुठे?

तिचं व्याकरण चुकलेलं नाही. 'अटक' स्त्रीलिंगी, सामान्यरूप 'अटके', म्हणून 'अटकेत', 'अटकेपासून', 'अटकेपार'. गावाचं नावही अटक, आणि तेही आपण स्त्रीलिंगीच चालवतो: 'फौजा अटकेस पोचल्या'. दोन्हींची रूपं तंतोतंत सारखी, त्यामुळे वाक्यात कुठली अटक अभिप्रेत आहे हे नुसतं वाचून कळत नाही. त्या नावाचं एक ठाणं आहे हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी नकाशा उघडला.

अटक हे सिंधूकाठचं ठाणं, आज पाकिस्तानच्या पंजाबात. तिथला किल्ला अकबराने १५८० च्या दशकात बांधला. काबूलकडून हिंदुस्थानात उतरणारी वाट तिथे सिंधू ओलांडते, म्हणून त्या जागेचं मोल. त्या भागात नदीलाही अटक म्हणत. सिंधूच्या पलीकडे गेलं की धर्म बुडतो, अशी समजूत पूर्वी होती, आणि तिच्यावर उत्तरेत एक दोहा सांगतात. त्याचा मथितार्थ असा, की सगळी भूमी गोपाळाची, तिथे अटक कसली? ज्याच्या मनात अटक तोच अटकला. म्हणजे भाचीने घातलेली सांगड लोकांनी शेकडो वर्षांपूर्वीच घालून ठेवलेली आहे. अटकाव, अटकणे, पोलिसांची अटक हे सगळे एका घरचे शब्द, आणि गावाचं नाव त्यांच्या पंगतीला सहज जाऊन बसतं. 'अटकेपार' हा शब्द कानाला इतका भरीव लागतो, त्याचं कारण मला हेच वाटतं. नुसती नदी ओलांडली एवढं तो सांगत नाही; जिथे थांबायचं असं ठरलेलं होतं तिथे थांबले नाहीत, हेही सांगतो.

म्हणूनच वापराबद्दल माझा थोडा आग्रह आहे. एखादी कलावंत परदेशात जाऊन तिथल्या रसिकांना जिंकून आली, तर 'अटकेपार झेंडा लावला' म्हणावं. एखादा खेळाडू परक्या मैदानावर जिंकला, तरी म्हणावं. पण वर्गात पहिला आला, दुकानाची दुसरी शाखा निघाली, एवढ्यावर हा वाक्प्रचार खर्चू नये. यात सीमा ओलांडणं हवं. बाईंनी लिहिलेला 'मोठा पराक्रम करणे' हा अर्थ चूक नाही, पण त्यातून नेमकी नदीच गळून गेली आहे. 'झेंडा' की 'झेंडे', 'लावणे' की 'रोवणे' की 'फडकवणे', यात मात्र मी कुणाला अडवणार नाही. सगळी रूपं रूढ आहेत.

आता झेंडा कुणाचा, याकडे येते.

१७५७-५८ ची उत्तरेची मोहीम रघुनाथराव पेशव्यांच्या हाताखाली झाली. रघुनाथराव म्हणजे राघोबादादा, थोरल्या बाजीरावांचे धाकटे चिरंजीव आणि नानासाहेब पेशव्यांचे भाऊ. १७५८ च्या एप्रिलमध्ये मराठी फौजा लाहोरात शिरल्या. तिथून दादांनी पेशव्यांना लिहिलेलं पत्र इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यात अटकच काय, पार कंदाहारापर्यंत अंमल बसवण्याचा मनसुबा आहे. स्वतः दादा लाहोरहून मागे फिरले. पुढे अटकेकडे गेलेल्या फौजांच्या संदर्भात तुकोजी होळकर आणि साबाजी शिंदे ही नावं येतात. दादा परतले ते डोक्यावर मोठं कर्ज घेऊन, आणि पुण्यात त्याचे हिशेब विचारले गेले. वर्ष-दीड वर्षात अब्दाली पुन्हा उतरला आणि पंजाब हातचा गेला. तरी धावत्या मोहिमेच्या त्या वेगामुळे त्यांना 'राघोभरारी' म्हटलं गेलं. 'भरारी' हा पक्ष्याच्या उडण्याचा शब्द माणसाच्या नावाला असा चिकटलेला मला दुसरा आठवत नाही.

आज 'अटकेपार' रोज कुणी ना कुणी लिहितं. 'राघोभरारी' मात्र इतिहासाच्या पुस्तकाबाहेर मी वाचलेला नाही. पराक्रमाचा शब्द राहिला, ज्याच्या मोहिमेतून तो आला त्याचं नाव त्यातून निघून गेलं. आणि त्याच माणसाच्या घरात पंधरा वर्षांनी जे घडलं, त्यातून आलेले शब्द पाहा.

१८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव पेशवे गेले. धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. चुलते राघोबादादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, भर दुपार. पगार थकल्याची तक्रार घेऊन गारदी वाड्यात घुसले. गारदी म्हणजे कवायती पायदळातले शिपाई. शब्द युरोपातल्या 'गार्ड'चा नातलग. त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. अठरा वर्षांचे नारायणराव धावत काकांच्या खोलीत गेले आणि त्यांना मिठी मारली. चापाजी टिळेकर नावाचा सेवक त्यांच्या अंगावर आडवा पडला. त्यालाही मारलं, पेशव्यांनाही मारलं.

'काका, मला वाचवा' ही आर्त हाक तिथली. हल्ली काका-पुतण्याच्या राजकारणावर मथळा द्यायचा झाला की ती हमखास वापरली जाते. मला ते आवडत नाही. जीव वाचवायला धावलेल्या अठरा वर्षांच्या पोराचे शब्द आहेत ते. उमेदवारी नाकारलेल्या पुतण्याच्या तोंडी ते घालताना हात अडखळायला हवा. चापाजी टिळेकरांचं नाव मात्र कुठल्याच म्हणीत आलं नाही. आलं असतं तर 'जिवाला जीव देणारा' म्हणायला आपल्याकडे आणखी एक नाव असतं, होता जिवा म्हणून वाचला शिवा, तसं.

आता ज्याबद्दल सगळ्यांत जास्त विचारणा होते ते, 'ध'चा 'मा'.

गोष्ट सर्वांना पाठ आहे. राघोबादादांनी गारद्यांना हुकूम दिला, नारायणरावास 'धरावे'. आनंदीबाईंनी 'ध' खोडून 'मा' केला आणि झालं 'मारावे'. भाषेच्या बाजूने ही गोष्ट किती घट्ट विणलेली आहे ते बघा. 'धरावे' आणि 'मारावे'. पहिलं अक्षर सोडलं तर पुढचं 'रावे' जसंच्या तसं. धरणं आणि मारणं ही जोडी आधीच आपल्या तोंडात बसलेली, 'धरून मारलं', 'धरपकड, मारझोड'. आणि 'रावे' ऐकताना नारायण'राव'ही कानात वाजून जातं. अशी सोय दुसऱ्या कुठल्या दोन क्रियापदांत सापडणं कठीण. गोष्ट इतकी नीट जुळते की मला तिथेच थांबून विचारावंसं वाटतं, खाडाखोड केलेला तो कागद कुठे आहे? तो आजवर कुणी पुढे आणलेला नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष दिला तो राघोबादादांना. म्हणजे न्यायाधीशाने पेशव्याच्या गादीवर बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं, आणि वाक्प्रचाराने त्याच्या बायकोकडे.

हे मला खटकतं आणि ते मी ठामपणे लिहिते आहे. 'अटकेपार'मध्ये राघोबादादांचं श्रेय नावाशिवाय राहिलं, आणि 'ध'चा 'मा'मध्ये त्यांच्यावरचा ठपका दुसरीच्या नावावर गेला. आनंदीबाई निर्दोष होत्या असं मी म्हणत नाही. तेवढा पुरावा माझ्यापाशी नाही, आणि कटात सामील असल्याचा संशय त्यांच्यावर त्या काळीही होता. पण भांडखोर, कारस्थानी बाईला 'आनंदीबाई आहे नुसती' म्हणायची जी रीत मी लहानपणापासून ऐकत आले, ती या एका न सापडलेल्या कागदावर उभी आहे. कैकेयी, मंथरा आणि त्यांच्या मागे ही. पुरुषांमध्ये फितुरीसाठी सूर्याजी पिसाळ आहे खरा, पण त्याच्या नावाने तिसऱ्याच कुणाचा अपराध झाकला जात नाही.

आता वापर. 'ध'चा 'मा' म्हणजे नजरचूक की लबाडी? माझ्या कानाला हे क्रियापदावर ठरतं. 'ध'चा 'मा' झाला म्हटलं की चूक: 'पत्रिका छापताना ध चा मा झाला आणि वधूच्या जागी वराच्या आजोळचं गाव आलं.' 'ध'चा 'मा' केला म्हटलं की हेतू आला: 'ठरावात ध चा मा करून त्यांनी सभासदांची संमतीच काढून टाकली.' हा भेद सांभाळला जावा असं मला वाटतं. हल्ली साध्या टंकनदोषालाही 'ध चा मा केला' म्हणतात, तेव्हा टंकलेखकावर नकळत खुनाइतका आरोप होतो. आणखी एक. अर्थ उलटा किंवा घातक झाला तरच हा प्रयोग शोभतो. 'शिल्पा'चं 'शील्पा' झालं तर ती नुसती वेलांटीची चूक आहे. 'दिन'चं 'दीन' झालं तर मात्र मी हा प्रयोग मान्य करीन, कारण स्वातंत्र्याचा दिवस एका वेलांटीने गरीब होऊन बसतो.

लिहायचं कसं? मी अक्षरं अवतरणात घेते आणि प्रत्यय बाहेर पण जोडून लिहिते: 'ध'चा 'मा'. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून लिहायचा असतो, म्हणून 'ध' आणि 'चा' यांत जागा सोडायला नको. पण सलग 'धचा मा' लिहिलं तर वाचणारा क्षणभर 'धचा' हा काय शब्द म्हणून थबकतो. वर्तमानपत्रं 'ध चा मा' असं सुटं छापतात, आणि वरच्या वाक्यांत मीही ते तसं येऊ दिलं आहे. लोकांच्या डोळ्यांना तेच सवयीचं झालं आहे, त्याला चूक म्हणून फुली मारायची माझी तयारी नाही.

दुसरा शब्द, 'बारभाई'. 'सोसायटीत नुसता बारभाईंचा कारभार चाललाय' म्हणजे दहा तोंडं, दहा मतं, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. 'बारभाईंची शेती, काय लागेल हाती' अशी म्हणही ऐकू येते. मग इतिहासाच्या पुस्तकात बारभाईंचं कौतुक का असतं, असं एका स्नेह्यांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे.

नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादा पेशवे झाले, पण पुण्याच्या मुत्सद्द्यांनी त्यांना टिकू दिलं नाही. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकमामा पेठे असे अनेक जण एकत्र आले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, त्यांना पुरंदरावर नेऊन जपलं. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या त्या तान्ह्या मुलाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. हेच बारभाईंचं कारस्थान. इथे 'कारस्थान' हा शब्दसुद्धा जुन्या अर्थाने घ्यायचा, राजकारणातली मसलत. त्याला आजचा काळा रंग तेव्हा इतका चढलेला नव्हता. ते नेमके बारा होते का? मोजत बसू नये. मराठीत 'बारा' म्हणजे पुष्कळ: बारा गावचं पाणी प्यालेला, बारा भानगडी, बाराजणांच्या बारा तऱ्हा. हा माझा अंदाज, पण 'बारभाई'तले बारा याच जातीचे असावेत.

या मंडळींच्या हातून झालं काय ते बघा. राघोबादादा इंग्रजांकडे गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह केला, साष्टी आणि वसई देऊ केली. त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेला शरणागतीचा करार करावा लागला. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी राघोबादादांचा पक्ष सोडला. दादा पेन्शन घेऊन कोपरगावला राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात तिथेच गेले. ज्या कारभाराने तान्ह्या मुलाची गादी राखली, इंग्रजांना सात वर्षं झुंजवलं, त्याचं नाव आपण गोंधळाला दिलं आहे. मात्र म्हणीची बाजूही खोटी नाही. बारभाईंचं एकमेकांशी फार दिवस जमलं नाही. ज्या सखारामबापूंनी डाव मांडला ते पुढे नानांच्याच कैदेत गेले. बाहेरचा शत्रू असेपर्यंत बारा भाऊ एक राहिले, मग कारभार एकट्या नानांच्या हाती गेला. म्हण बहुधा हा दुसरा भाग लक्षात ठेवते.

सखारामबापूंवरून 'साडेतीन शहाणे' आलंच. पूर्ण तीन: पेशव्यांकडचे सखारामबापू, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचे विठ्ठल सुंदर. अर्धे नाना फडणवीस, कारण डोकं पूर्ण पण तलवार हाती नाही, असं कारण सांगतात. यातले विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले. 'साडेतीन' हा आकडा आपला लाडका: साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठं, साडेतीन हातांचा देह. हल्ली 'साडेतीन शहाणे' टोमणा म्हणून वापरतात. मूळ प्रयोग खरोखर शहाण्यांसाठीचा आहे.

पानिपताबद्दल एक गैरसमज दूर करायलाच हवा. 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार पानिपतावरून आला, कारण १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत होती, असं सर्रास सांगतात. ती तारीख बरोबर, संक्रांत चूक. आपली संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या सूर्यावर चालते आणि ते वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं. म्हणून इंग्रजी तारखेत ती हळूहळू पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी अलीकडे, १० जानेवारीच्या आसपास पडते. पानिपतची तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. संक्रांत होऊन चार दिवस लोटले होते. वाक्प्रचाराचं मूळ पंचांगात आहे. संक्रांतीचं वाहन, वस्त्र, हातातलं शस्त्र, ती काय खाते, कुठून येते, कुणाकडे पाहते, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं, आणि ती जे वापरते किंवा जिकडे पाहते त्याचं नुकसान. आजी दरवर्षी ते मोठ्याने वाचून घ्यायची आणि 'यंदा पिवळ्यावर आलीय गं' म्हणून हळदीची काळजी करायची. संक्रांत 'येते' ती अशी. 'पानिपत होणे' मात्र नि:संशय त्या लढाईचं. राघोबादादा त्या मोहिमेवर नव्हते. सेनापती सदाशिवरावभाऊ होते.

राहिला 'बाजीराव'. 'स्वतःला मोठा बाजीराव समजतो' यातला बाजीराव कोणता, थोरला की दुसरा? दुसरे बाजीराव हे राघोबादादा आणि आनंदीबाईंचे चिरंजीव, जन्म १७७५ चा, नाव आजोबांचं. 'समजतो' या शब्दामुळे मी थोरल्यांच्या बाजूने आहे. माणूस मोठेपणाचाच आव आणतो, पळण्याचा नाही. 'पळपुटा' हे विशेषण लावल्याशिवाय लोक दुसऱ्या बाजीरावांचं नाव घेत नाहीत, म्हणजे नुसतं 'बाजीराव' हे आजोबांसाठीच राखलेलं असणार.

भाचीला मी वहीत वाक्य बदलून दिलेलं नाही, तिचं तिला लिहू दे. मला हवा आहे तो 'राघोभरारी'. नागपूर, खानदेश, मराठवाडा, कोकण, कुठेही घरात, बोलण्यात, एखाद्या उतावळ्या माणसाला उद्देशून हा शब्द कानावर आला असेल, तर कोण कुणाला काय म्हणालं ते पूर्ण वाक्यासकट सांगा. 'बारभाई' चांगल्या अर्थाने वापरलेला कुणी ऐकला असेल, तर तोही.